दावा मराठीत, अट इंग्रजीत

(परभणी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



व्याख्यानमालेत लोक संतांवर बोलतात, शेतीप्रश्नावर बोलतात, राज्यघटनेवर बोलतात. मी टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी येऊन जाणाऱ्या दोन ओळींवर बोलणार आहे. संयोजकांना विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडून विचारणा झाली, "तासभर पुरेल का एवढं?" पुरेल. उरेलसुद्धा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी कोणताही कागद सही करण्याआधी उलटून मागची बाजू वाचायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

या ओळी तुम्ही पाहिल्या आहेत. वाचल्या आहेत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. दाव्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते आणि तिचा जोडीदार खाली, काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीत, मुंगीच्या अक्षरात बसलेला असतो.

काही नमुने घेऊ. फरशी पुसायच्या द्रवाची जाहिरात. बाईंनी एक हात फिरवला की ९९.९ टक्के जंतू मेले. खालची ओळ सांगते की हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक जंतूंवरच्या चाचणीनुसार. म्हणजे निवडलेल्या काही जातींच्या जंतूंवर, ठरावीक प्रमाणात तो द्रव, ठरावीक वेळ ठेवल्यावर जे झालं ते. आपण बादलीभर पाण्यात झाकणभर टाकतो, फडकं फिरवतो आणि दोन मिनिटांत पंखा लावून फरशी वाळवतो. त्या आकड्याचा आणि आपल्या फरशीचा संबंध एवढाच.

शाम्पूचा नमुना जास्त मजेशीर आहे. केसगळती अमुक टक्के कमी, असा दावा. खाली लिहिलेलं असतं की ही केस तुटल्यामुळे होणारी गळती, आणि तीही कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत. आपण गळती म्हणतो ती केस मुळापासून निघून येण्याला. कंपनी मोजते ते विंचरताना मध्येच तुटणारे केस. मुळाचा आणि टाळूचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. शिवाय तुलना कुणाशी, तर ज्यात केस मऊ करणारा पदार्थच घातलेला नाही अशा शाम्पूशी. दावा खोटा म्हणावा तर चाचणीचा कागद तयार असतो. खरा म्हणावा तर ज्याचं कपाळ दर वर्षी वर सरकतंय त्याला विचारा.

मोटारसायकलचं मायलेज घ्या. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, वेग कधी वाढवायचा आणि कधी कमी करायचा याच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे चालवली जाते. तो आकडा प्रामाणिक आहे, कारण सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात. पण मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं आणि हँडलला डबा अडकवून जिंतूर रोडने जाणाऱ्या माणसाला तो आकडा मिळत नाही. आणि सगळ्यात निरुपद्रवी दिसणारे दोन शब्द म्हणजे "क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन". त्यांचा साधा अर्थ असा की तुम्ही आत्ता डोळ्यांनी जे पाहिलंत ते असं घडत नाही.

आता या अक्षरांची उंची मोजू. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ॲस्की, ही जाहिरात व्यवसायानेच १९८५ साली मुंबईत उभी केलेली संस्था. तिच्या नियमावलीत टीव्हीवरच्या अटीच्या अक्षराची किमान उंची ठरवून दिली आहे. साध्या प्रक्षेपणात, जिथे पडद्यावर ५७६ आडव्या रेषा असतात, तिथे १२ रेषा. एचडी प्रक्षेपणात १०८० पैकी १८ रेषा. गणित सोपं आहे. साध्या टीव्हीवर अक्षर पडद्याच्या उंचीच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं हवं. ३२ इंची टीव्हीचा पडदा साधारण ४० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे अक्षर झालं आठ मिलिमीटरचं. एचडीमध्ये साठावा भाग पुरतो, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. चित्र जितकं स्पष्ट, तितकी अक्षराला लहान व्हायची मुभा! त्यात आपल्या लिपीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. दहा फुटांवरच्या बाजेवर बसलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीवर ढकललेल्या आजीला हे कसं दिसावं? आणि हे किमान माप पाळलं गेलं तर. ओळीमागे चार सेकंदांहून जास्त वेळ अक्षर पडद्यावर राहिलं पाहिजे, असंही ती नियमावली सांगते. घरी मोबाइलवर घड्याळ लावून बसा, चांगली करमणूक होईल.

पण उंचीपेक्षा मला भाषेचं जास्त वाटतं. आपल्या मराठी वाहिन्यांवरच्या बऱ्याच जाहिराती मुळात हिंदीत किंवा इंग्रजीत बनतात. मराठीत येताना त्यांचा आवाज बदलतो. आवाज बदलणं सोपं असतं. चित्रावर उमटवलेली अक्षरं बदलायची तर चित्रफितीचं काम पुन्हा काढावं लागतं. म्हणून गोड मराठीत दावा कानावर पडतो आणि अट इंग्रजीतच तळाशी राहते. आता नियम काय म्हणतो ते ऐका. ॲस्कीची नियमावली सांगते की अट सर्वसाधारणपणे दाव्याच्याच भाषेत असावी. हा झाला व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेला नियम. पण जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यांतही हेच आहे. अट दाव्याच्याच भाषेत हवी, दाव्याच्याच अक्षरवळणात हवी, ठळक आणि वाचता येईल अशी हवी. दावा आवाजात केला असेल तर अट त्याच वेळी, त्याच गतीने दिसली पाहिजे. दोन्हीकडे आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे: अटीने दाव्याचा खुलासा करावा, पण वर एक आणि खाली त्याच्या उलट, असं चालणार नाही. दिशाभूल करणाऱ्या दाव्याला खालची ओळ दुरुस्त करू शकत नाही.

म्हणजे नियम आहेत आणि चांगले आहेत. मग ओळी अशा का? माझं मत असं की त्या आपल्यासाठी लिहिलेल्याच नसतात. वरचा दावा गिऱ्हाइकासाठी असतो. खालची ओळ उद्या कुणी तक्रार केलीच तर समितीपुढे ठेवायला असते. "आम्ही सांगितलं होतं", एवढं म्हणता यावं म्हणून ती आहे. तुम्ही ती वाचावी अशी तिच्या लेखकाची इच्छा नाही, आणि तुम्ही ती वाचत नाही यात तुमचा आळस नाही.

जिथे ही युक्ती चालली नाही असा एक खटला आपल्याच उंबरठ्यावर घडला. परभणी जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात एका शिक्षकाने २०१५ साली याचिका केली. टीव्हीवर "हनुमान चालिसा यंत्र" विकणाऱ्या जाहिराती चालत होत्या. गळ्यात लॉकेट घातलं की अडचणी संपतात, घरात पैसा येतो, असा त्यांचा सूर. ओळखीचे चेहरे, अनुभव सांगणारी माणसं, मागे धूप आणि घंटा. या शिक्षकाचं म्हणणं होतं की हा महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

त्या कायद्याचा इतिहास आपल्याला माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. परभणीत तर या कायद्याची गरज समजावून सांगायला नको. मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या हत्या, आणि त्यांच्यामागे सांगितली गेलेली गुप्तधनाची नि अपत्याची आस, या सभागृहातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तो खटला १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. लॉकेट आणि नरबळी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. पण "अमुक वस्तूत दैवी शक्ती आहे, पैसे दे, तुझं भलं होईल" हे वाक्य दोन्हीकडे सारखंच असतं.

५ जानेवारी २०२१ रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. अशा यंत्रात किंवा वस्तूत चमत्कारी, अलौकिक शक्ती असल्याची टीव्हीवर जाहिरात करणं बेकायदा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याच्या कलम ३ मध्ये अशा प्रथांचा प्रचार आणि प्रसारही येतो. म्हणून यंत्र बनवणारा आणि विकणारा जसा जबाबदार, तशीच ती जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार. अशा जाहिराती दिसू नयेत यासाठी मुंबईत कक्ष उभारावा, असं केंद्र आणि राज्य सरकारला सांगण्यात आलं, आणि कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्यांनी गुन्हे नोंदवावेत असंही.

यातला वाहिनीच्या जबाबदारीचा भाग नीट पाहण्यासारखा आहे. असे कार्यक्रम चालू असताना तळाशी पट्टी फिरते: ही जाहिरात आहे, यातल्या दाव्यांशी वाहिनीचा संबंध नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा या बाबतीत वाहिनीशी बराच मवाळ आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जाहिरात दाखवली, असं सिद्ध केलं की दंडातून सुटका होते. अपवाद एवढाच की जाहिरात मागे घ्यायचा आदेश निघाल्याचं तिला आधी माहीत असेल तर हा बचाव चालत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली खंडपीठाने ही पळवाट ठेवली नाही. दाखवणं हाच प्रसार. आपल्या मराठवाड्यातल्या न्यायालयाने देशभरच्या वाहिन्यांना हे ऐकवलं याचा मला अभिमान वाटतो, आणि त्या निकालाची इथे जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही याचं वाईटही वाटतं. खरं तर केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही असं कलम पूर्वीपासून आहे: सिद्ध करायला कठीण असा चमत्कारी गुण वस्तूत आहे असं सुचवणारी जाहिरात दाखवायची नाही. ते कलम पंचवीसेक वर्षं कागदावर बसून होतं.

रात्रीच्या विक्री कार्यक्रमांचं दुसरं एक प्रकरण प्राधिकरणापुढे गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नापतोल या टेलिशॉपिंग कंपनीला दहा लाखांचा दंड झाला. सोन्याच्या दागिन्यांचे दोन सेट, गुडघ्याचा चुंबकीय पट्टा, ॲक्युप्रेशरच्या चपला या तीन वस्तूंच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरल्या. माझ्या दृष्टीने दंडाहून महत्त्वाचे दोन निर्देश होते. एक, कार्यक्रम आधी चित्रित केलेला आहे हे स्पष्ट सांगा, कारण पाहणाऱ्याला वाटतं आत्ता, या क्षणी, कुणीतरी स्टुडिओतून आपल्याशी बोलतंय. दोन, "आजच घ्या, एवढ्याच वेळात घ्या" अशी खोटी टंचाई उभी करू नका. खालच्या कोपऱ्यात उलटा पळणारा आकडा रेकॉर्डिंगमधला असतो. उद्या रात्री तो पुन्हा तिथूनच पळायला लागतो.

त्याच वर्षी सेन्सोडाइनच्या जाहिरातीबद्दलही दहा लाखांचा दंड झाला. जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात, हा दावा. पुरावा मागितला तेव्हा कंपनीने दोन सर्वेक्षणं पुढे केली, आणि ती भारतातल्या दंतवैद्यांची निघाली. पहिल्या वेळेचा दंड जास्तीत जास्त दहा लाखच. पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत. एवढ्या मोठ्या कंपनीच्या जाहिरात खर्चात ही रक्कम कुठे बसते हे मी सांगायला नको.

आता शेताकडे वळतो, कारण परभणीत बसून फक्त शाम्पूवर बोलणं बरं नाही.

मे महिना लागला की मराठी वाहिन्यांवर बियाण्यांच्या, टॉनिकच्या आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिराती दाटतात. पांढरा सदरा घातलेला शेतकरी कपाशीच्या झाडाला हात लावून सांगतो, एकरी इतके क्विंटल. जमीन कोणती, भारी की मुरमाड? पाणी होतं का? जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं रान आणि जिंतूरकडच्या अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावरचं कोरडवाहू रान यांत एकाच वाणाचं उत्पन्न किती वेगळं येतं, हे इथे बसलेला प्रत्येक शेतकरी जाणतो. जाहिरात ते सांगत नाही. इथे बारीक अक्षरसुद्धा नसतं, आणि ते नसणं जास्त महागात पडतं. मग जूनमध्ये कृषी सेवा केंद्रावर माणूस येतो आणि वाणाचं नाव न घेता म्हणतो, "टीव्हीवर येतंय ते द्या."

बारीक अक्षर जिल्ह्याला किती महाग पडू शकतं याचा आपल्याकडचा मोठा दाखला बीटी कपाशीचा आहे. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणं आणि सोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची छोटी पुडी असायची. ती पुडी शेताच्या कडेने लावायची होती. कारण असं: सगळं शेत बीटीचं असेल तर बोंडअळीतल्या ज्या थोड्या अळ्या बीटीचं विष पचवतात त्याच उरतात, त्यांचीच वीण वाढते, आणि काही वर्षांत सगळी अळी तशी होते. कडेला साधी कपाशी असली की विषाला बळी पडणारी अळीही जिवंत राहते. दोन्हींचा संकर होत राहतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. ही सगळी मांडणी पाकिटातल्या घडी घातलेल्या माहितीपत्रकात होती. जाहिरातीत होती ती फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं. पुडी कुणी लावली? अनेकांनी बांधावर फेकून दिली, कुणाला ती कसली हेच ठाऊक नव्हतं. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा आणि विदर्भातली कपाशी पोखरली. त्याला दुसरीही कारणं होती. फरदड घेत राहणं, म्हणजे वेचणी झाली तरी कपाशी न उपटता तिच्यावरच पुढचं पीक घेणं, हे त्यांतलं मोठं, आणि ते आपल्या बाजूचं कारण आहे. पण ज्या सूचनेवर त्या तंत्रज्ञानाचं आयुष्य अवलंबून होतं ती सूचना पाकिटात घडी घालून ठेवायची आणि बोंडं तेवढी टीव्हीवर दाखवायची, या वाटणीचा दोष शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. पुढे कंपन्यांनी दोन्ही बियाणं एकाच पिशवीत मिसळून द्यायला सुरुवात केली. म्हणजे सूचना वाचली जात नाही हे शेवटी सगळ्यांनाच मान्य करावं लागलं.

टॉनिकचं तर बोलूच नये. ज्यांना इंग्रजीत बायोस्टिम्युलंट म्हणतात ती द्रव्यं २०२१ पर्यंत खत नियंत्रण आदेशाखाली नव्हतीच. खत नाही, कीटकनाशक नाही, मग दावा तपासणार कोण? फुलगळ थांबते, शेंगा भरतात, पिकाला काळोखी येते. झाडाला बोलता येत नाही, हे त्या बाटलीचं भाग्य.

आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ उन्हाळ्यात गावोगाव एक साधी गोष्ट सांगत फिरतात. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा, आठवडाभराने मोजा. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवा किंवा बदला. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला आणि याच औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून हा गोणपाट बऱ्याच घरांत पसरला. पिशवीवर छापलेला उगवणीचा आकडा मानायचा नाही, मोजायचा, हे आपल्या शेतकऱ्याला कळलेलं आहे. टीव्हीवरच्या प्रत्येक टक्क्याला तोच गोणपाट लावा, एवढंच माझं सांगणं.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट सांगायला हवी. अक्षर मोठं केलं, भाषा मराठी केली, म्हणजे काम झालं का? नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचं वाक्य पूर्वी इतक्या घाईत म्हटलं जायचं की मुलं त्याची नक्कल करायची. सेबीने २००८ मध्ये त्या इशाऱ्याला पाच सेकंदांचा वेळ सक्तीचा केला. वाक्य ऐकू यायला लागलं, आणि लवकरच त्याचीही सवय झाली. त्याहून कडक प्रयोग पैशांच्या ऑनलाइन खेळांवर झाला. डिसेंबर २०२० पासून त्या जाहिरातींत इशारा जागेच्या किमान वीस टक्के हवा, नेहमीच्या बोलण्याच्या गतीने आणि जाहिरातीच्याच भाषेत हवा, असा नियम आला. म्हणजे मी आज जे मागतोय ते सगळं तिथे मिळालं होतं. तरी पाच वर्षं क्रिकेटपटू "टीम बनवा" म्हणत राहिले, पोरं पैसे घालवत राहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून तो खेळ आणि त्याची जाहिरात दोन्ही बंद करावी लागली. काही दावे अट लावून सुधारत नाहीत. ते बंदच करावे लागतात. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करतो, उंची वाढवतो असे औषधांचे दावे १९५४ च्या औषध आणि जादुई उपाय कायद्याने सत्तर वर्षांपूर्वीच बंद केले आहेत. रात्री साडेअकराला टीव्ही लावून तो कायदा जिवंत आहे का ते बघा. आणि राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून असताना त्याच ब्रँडच्या नावाने इलायची नि पानमसाला पडद्यावर का मिरवतो, याचं उत्तर कुणाजवळ असेल तर प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर द्यावं.

औषधांच्या दाव्यांवरून गाजलेलं पतंजलीचं प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेलच. त्यातला एकच प्रसंग माझ्या विषयाचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफी छापल्याचं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. न्या. हिमा कोहली आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या पीठाने विचारलं, ही माफी तुमच्या जाहिरातींच्या आकाराची होती का? कात्रणं आणा, सूक्ष्मदर्शकातून बघायला लागू नये अशी आणा. नंतर माफी मोठ्या आकारात छापली गेली. दावा ज्या अक्षरात, खुलासाही त्याच अक्षरात, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे न्यायालयात दुसऱ्या कुठे मांडलं गेल्याचं मला आठवत नाही. वकिलांनी नंतर काय युक्तिवाद केले ते विसरलं तरी चालेल, हा प्रश्न विसरू नका.

आता परभणीत बसून काय करता येईल ते बोलतो. लोकांना वाटतं की टीव्हीच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार म्हणजे मुंबई-दिल्लीचं काम. तसं नाही. जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात कंपनी जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हे बदललं. वस्तू घेऊन फसगत झाली असेल तर तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. सोनपेठच्या माणसाने कंपनीच्या गावाला जायचं कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, तो फुकट आहे.

वस्तू घेतलीच नसेल, फक्त जाहिरात खटकली असेल, तरीही वाट आहे. कायद्याच्या कलम १७ नुसार, ग्राहकवर्गाच्या हिताला बाधक अशा खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. कलम १६ त्यांना चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवायचा अधिकार देतं. सातबाऱ्याच्या, अतिवृष्टीच्या अनुदानाच्या आणि पीकविम्याच्या अर्जांसाठी आपण ज्या इमारतीत खेटे घालतो, तीच ही इमारत. तिच्या दारात टीव्हीच्या जाहिरातीची तक्रार घेऊन गेलेला माणूस अजून मला भेटलेला नाही. दिशाभूल कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हेही कायद्याने घातलं आहे. तेव्हा "दावा मराठीत, अट इंग्रजीत आणि वाचता न येणारी" एवढा मुद्दासुद्धा अर्जाला पुरेसा आहे.

हे काम शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी हातात घ्यावं असं मला फार वाटतं. कृषी महाविद्यालयातल्या मुलांनी बियाण्यांच्या नि टॉनिकच्या जाहिराती घ्याव्यात. विज्ञानाच्या मुलांनी जंतूंचे टक्के घ्यावेत. कायद्याच्या मुलांनी यंत्रं, ताबीज नि लॉकेटं घ्यावीत, आणि २०२१ च्या निकालाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जावं. ग्राहक चळवळीतली मंडळी इथे आहेत, ती मदत करतील.

अर्ज साधा असावा, मराठीत असावा. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, दावा जसा ऐकला तसा, खालची ओळ वाचता आली असेल तर ती, नसेल तर "वाचता आली नाही" असं. मोबाइलवर टीव्हीचा व्हिडिओ काढून सोबत जोडावा. दाव्याचा आधार कंपनीकडून मागवावा, एवढी एक मागणी पुरे. आणि अर्ज देऊन तसंच घरी येऊ नका. आवक विभागातून तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या.